टिटवीचे चाहते मोजायला भिलाईत

भिलाईला हिंडायला म्हणून कुणी जात नाही. लोक तिथे नोकरीला जातात, नोकरीवाल्याच्या घरी लग्नाला जातात, नाहीतर गाडीत डोळा लागून दुर्ग मागे पडलं म्हणून उतरतात. मी गेले होते एका भाषेची लोकप्रियता मोजायला. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "तिकडे बघण्यासारखं काय असतं गं?" त्यांच्यासाठी, आणि अजून तिकडे न गेलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

भाषा म्हणजे बोलायची नव्हे, कम्प्युटरला कामाला लावायची. तिचं नाव टिटवी. तुम्ही ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. कुणीच ऐकलेलं नाही, आणि आमचं मुख्य दुखणं तेच होतं. अभयने ती कॉलेजात असताना लिहायला घेतली आणि पुढे एका मोठ्या कंपनीने दया येऊन तिच्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्या पैशांवर अभय, मी आणि आणखी दोघं असे चौघं जगत होतो. माझं पद होतं 'समुदाय-संवाद प्रमुख'. समुदाय असता तर कामाचा ताण बराच पडला असता.

अशा भाषांच्या लोकप्रियतेच्या याद्या निघतात. कोणत्या भाषेबद्दल लोक इंटरनेटवर किती शोधतात, किती प्रश्न विचारतात, ती किती वेळा डाउनलोड करतात, यावरून नंबर लागतो. थोडक्यात, जिच्यात माणसं जास्त अडकून पडतात ती जास्त लोकप्रिय. या हिशेबाने पुण्यातला सगळ्यात लोकप्रिय रस्ता कोणता ते सांगायला नको. टिटवी या याद्यांमध्ये 'इतर' नावाच्या ओळीत असायची, अगदी तळाला. मग कंपनीचं पत्र आलं, की भाषा वापरणारी माणसं दाखवा, नाहीतर वर्षअखेरीला दुकान बंद करू.

आणि त्याच आठवड्यात अभयने डाउनलोडचा नकाशा उघडला. पुणे फिकट. बंगळूर फिकट. हैदराबाद तर दिसतच नव्हतं. आणि छत्तीसगडमध्ये भिलाईवर हा एवढा लालभडक ठिपका.

"भिलाईत काहीतरी घडतंय," अभय म्हणाला. "तू जा. त्यांना शोध, फोटो काढ, बोलतं कर. माणसं दाखवली की टिटवी वाचली."

"आणि नाही सापडली तर?"

"तर आपण चौघंही इतर."

सेक्टरमधलं घर

दुर्ग स्टेशनवर लांजेवार मामा स्कूटर घेऊन हजर होते. हे माझ्या नवऱ्याचे मामा. भंडाऱ्याकडचं शेतकरी घर सोडून तरुणपणी इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले, रोलिंग मिलमध्ये जन्म काढला आणि आता निवृत्त आहेत. माझी बॅग त्यांनी दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि मला मागे बसवलं.

भिलाईचे रस्ते सरळ आहेत. पत्ता म्हणजे सेक्टर, सडक आणि क्वार्टरचा नंबर, संपला विषय. आमच्याकडे पत्ता सांगताना बंद पडलेल्या दुकानांची नावं घ्यावी लागतात, आणि ऐकणाऱ्याला ती कधी बंद पडली हेही ठाऊक असावं लागतं. इतकं सोपं शहर पाहून मला थोडा संशयच आला.

"कोनाले शोधाले आली तू, सूनबाई?" मामांनी चालत्या स्कूटरवरून विचारलं. मी जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे मतमोजनी हाय," मामा म्हणाले. "पन मतदार कोठी हाय, हेच माहीत नाही तुमाले?"

एवढ्या थोड्या शब्दांत आमच्या कचेरीचं वर्णन अजून कुणाला जमलेलं नव्हतं.

क्वार्टरसमोर मामींनी लाल भाजीचे वाफे केले होते आणि कुंपणाला मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड होतं. संध्याकाळी सगळं आभाळ एकदम नारिंगी झालं तशी मी "आग, आग" करत अंगणात धावले. मामी उंबऱ्यापर्यंतसुद्धा आल्या नाहीत. "काही नाही वं, प्लांटमध्ये स्लॅग ओतून राहिले," त्या आतूनच म्हणाल्या. स्लॅग म्हणजे भट्टीतला लालबुंद वितळलेला मळ. "ये, फरा थंडा होऊन राहिला." फरा म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या, तीळ-मिरचीची फोडणी दिलेल्या बोटभर वळ्या. मामी हे शेजारच्या छत्तीसगडी बाईंकडून शिकल्या आणि सोबत द्यायला पाटवडीचा रस्सा भंडाऱ्याचा. हे दोन्ही एका ताटात वाढायला कुणाचीच हरकत दिसली नाही. आमच्या सोसायटीत यावर निदान एक बैठक झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. कम्प्युटर विभागाच्या प्रमुखांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सिलॅबस में है क्या?" मी नाही म्हणाले. "तो फिर?" ते म्हणाले. मी त्यांच्या टेबलावर प्रचाराची एक टोपी ठेवली आणि मुलांकडे गेले. मुलं फार गोड होती. त्यांनी टिटवीच्या टोप्या घेतल्या, स्टिकर घेतले आणि या भाषेवर पॅकेज किती मिळतं ते विचारलं. टिटवी कुणीही पाहिली नव्हती. मग तो लाल ठिपका कोणाचा होता?

खुर्सीपार

उत्तर मिळालं ते मामांच्या अंगठ्यामुळे.

नोव्हेंबर चालू होता आणि मामांना पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा होता. त्यासाठी ते सेक्टर सोडून मुद्दाम खुर्सीपारला जातात, कारण तिथला चॉइस सेंटरवाला नरेश मेश्राम मूळचा गोंदियाकडचा. चॉइस सेंटर म्हणजे ऑनलाइन अर्ज, दाखले, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो असं सगळं मिळणारं दुकान. खुर्सीपारच्या गल्ल्यांमध्ये सेक्टरची सरळ रेघ हरवते. सायकली, ठेकेदाराकडची ड्यूटी संपवून आलेली माणसं, वडे तळणारी कढई आणि त्या सगळ्यात नरेशचं दुकान.

मामांनी मशीनवर अंगठा ठेवला. मशीनने नाकारला. पुसून ठेवला, पुन्हा नाकारला. आयुष्यभर मिलमध्ये काम करून त्या अंगठ्याच्या रेषाच गुळगुळीत झाल्या होत्या.

"अरे, मी जित्ता बसलो ना समोर!" मामा भडकले.

"मले दिसून राहिले मामाजी, सर्वरले नाही दिसून राहिले," नरेश म्हणाला. "रुकिए, पहले नेट देखता हूँ."

त्याने पडद्यावरचं 'नेट चेक' नावाचं चित्र दाबलं. काळी खिडकी उघडली आणि तिच्यात टिंबांनी आणि आडव्या रेघांनी काढलेला एक पक्षी उमटला. तो पक्षी मी ओळखते. तो अभयने स्वतः काढला आहे, आणि टिटवी डाउनलोड होताना तो येतो. मी खुर्चीवरून उठलेच.

"तुम्ही टिटवी वापरता?"

"दिवसभर!" नरेश म्हणाला.

दिवसभर! माझा अहवाल मनातल्या मनात लिहून झाला, त्याला टाळ्याही पडल्या. "कशासाठी वापरता?"

"नेट चेक कराले."

मी खाली बसले. नरेशने मग आपुलकीने समजावलं. "देखो मॅडम, तुमची फाइल छोटी हाय, फुकट हाय. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, तुमची साइट कधीच जाम नाही राहत. बाकी साइटवर भीड राहते. उतरली नाही त नेट खराब का साइट खराब, समजतच नाही. तुमच्याकडे कोनी येतच नाही न! एकदम खाली रस्ता. टिटवी नाही उतरली म्हंजे पक्कं, नेटच गेलं."

फाइल उतरली की आपोआप पुसली जायची. हा उपाय नरेशने चॉइस सेंटरवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि आता भिलाई, दुर्ग, चरोदा असं जिकडे तिकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचा अर्ज भरण्याआधी एकदा टिटवी उतरत होती. आमच्याकडे कुणी फिरकत नाही या एका गोष्टीवर सगळ्या शहराचा भरवसा होता, आणि त्या भरवशामुळे आम्ही नकाशावर लाल झालो होतो. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी वडा खाल्ला.

तेवढ्यात मामांचं दुसरं बोट जुळलं आणि ते सरकारदरबारी जिवंत ठरले. टिटवीचं तसं काही होण्याची चिन्हं नव्हती.

मी नरेशला कंपनीचं पत्र, वर्षअखेर, आमच्या नोकऱ्या असं सगळं सांगितलं. त्याला मनापासून वाईट वाटलं. "टेन्शन कावून घेता मॅडम? ग्रुपवर टाकतो. सगळे दिवसभर दाबत राहतीन. सांगा, कितीक लाल पाहिजे तुमाले?" एवढ्यावर न थांबता त्याने दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना टिटवीच्या टोप्या घालून उभं केलं आणि माझ्याकडून फोटो काढवून घेतला. मधोमध मामा, नुकतंच जुळलेलं बोट उंचावून. फोटो इतका सुरेख आला की कोणत्याही कंपनीला पाझर फुटला असता. तो पाठवायचा आणि गप्प बसायचं, हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला पाय पसरून बसला होता.

निघताना सहज विचारलं, "टिटवी तुम्हाला सापडली कुठे?"

"वंदनादीदीनं सांगतली. माझी मावसबहीण. कुम्हारीले राहते," नरेश म्हणाला. "तिचं त पूरं कामच टिटवीत हाय."

कुम्हारी

कुम्हारी रायपूरच्या हमरस्त्यावर आहे. धानाचे दिवस होते, भाताचे कापलेले वाफे दोन्ही बाजूंना पिवळे पडलेले, आणि रस्ताभर पोत्यांनी लादलेले ट्रक. वंदना हटवारांचा धर्मकाटा रस्त्याला लागूनच होता. जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट आणि शेजारी खिडकीची केबिन. ट्रक पाटावर चढतो, आत वजन उमटतं, पर्ची निघते.

केबिनमधली एक गोष्ट मला विचित्र वाटली. कम्प्युटरची पाठ खिडकीकडे होती, सगळ्या वायरी बाहेरून दिसतील अशी. आणि वंदनाताईंचा फोन खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलेला.

"या, या! पुन्याहून आल्या न तुम्ही?" त्यांनी मोठ्या आवाजात स्वागत केलं. ट्रकच्या गोंगाटात राहून त्यांना लहान आवाज उरलेलाच नव्हता. "तुमची टिटवी बरी हाय. पन पर्चीच्या खाली रेघ वाकडी काहाडते. कावून हो?"

टिटवीविषयी तक्रार करणारं माणूस! मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. त्यांनी बीएस्सी कम्प्युटर केलं, नोकरी मिळाली नाही, लग्नानंतर सासरचा काटा सांभाळायला घेतला आणि वजनाच्या पर्चीचा प्रोग्राम टिटवीत स्वतः लिहिला. मग तो नणंदेच्या घरी, सिमगा नावाच्या गावातल्या काट्यावर गेला, थोरल्या दिरांच्या राजनांदगावच्या राइस मिलमध्ये गेला, तिथून त्यांच्या व्याह्यांकडे. सगळा पेन ड्राइव्हवरून, लोणच्याचा मसाला द्यावा तसा.

"आणि डाउनलोड?"

"केलं होतं एकदा, लग्नाच्या पहिले. तेच चालून राहिलं."

"अडलात तर आमच्या साइटवर विचारत नाही?"

"विचारलं होतं न एक खेप. कोन्या एकानं लिहिलं, तुमाले प्रश्न बरोबर विचारता येत नाही, पहिले नियम वाचा. मी म्हटलं, राहू दे बाप्पा. आता सगळे काटेवाले मलेच फोन करते. मी कोनाले नियम वाचाले नाही लावत."

म्हणजे डाउनलोड नाही, शोध नाही, प्रश्न नाही. सगळ्या याद्यांच्या हिशेबाने ही बाई आणि तिचा गोतावळा अस्तित्वातच नव्हता. मी त्यांना आमची अडचण सांगितली आणि कळवळून म्हणाले, "हा कम्प्युटर एकदाच नेटला जोडा. नोंदणी करा. बाकीच्या काट्यांनाही सांगा. तुम्ही मोजले गेलात तर आम्ही वाचू."

त्यांनी मान हलवली. "नाही जमत ताई. काट्याच्या कम्प्युटरले नेटची वायर दिसली का डायव्हर म्हनते, बाहेरून कोनी वजन घटवून राहिलं. म्हनून त मशीनची पाठ खिडकीकडे हाय. गाडी काट्यावर असली का आमी फोन बी बाहेर ठेवतो, त्याले दिसला पाहिजे. या रस्त्यावर सगळ्याच काट्यावर असंच हाय."

इथे मी माती खाल्ली. पडद्यावर टिटवी चालते आहे आणि अभयला ती दाखवायलाच हवी, म्हणून मी पर्समधून फोन काढून फोटो घ्यायला गेले. वंदनाताई "अवो, गाडी हाय!" म्हणेपर्यंत उशीर झाला होता. खिडकीत ड्रायव्हरचा चेहरा आला.

"ए मैडम कोन हे? मोबाइल धरके भीतरी म काबर बइठे हे?"

मी माझं पद सांगितलं. त्याने परिस्थिती सुधारली नाही. पुण्याहून कोणी बाई फोन घेऊन काट्याच्या आत बसली आहे म्हटल्यावर त्याने हातातली पर्ची फाडली, दुसरीकडे वजन करतो म्हणून मागच्या ट्रकवाल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि गाडी काढली.

वंदनाताई पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. "इतक्या वर्षांत माझ्या काट्यावर कोनी पर्ची नव्हती फाडली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोन कट्ट्यावर त्यांच्या फोनशेजारी नेऊन ठेवला. रांगेतले ट्रक पुढे सरकेनात. त्यांनी माझ्यापुढे चहा आणि चणे-मुर्रा, म्हणजे चणे-मुरमुरे, ठेवले खरे, पण आम्ही दोघींनी त्यांना हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने ट्रक परत आला. ड्रायव्हरने पुढच्या काट्यावरची पर्ची खिडकीतून आत सरकवली. वजन तेच होतं. माफी वगैरे काही नाही. इथली फाटली, आणि मिलवाल्याला इथलीच लागते, म्हणून नवी तेवढी मागितली. रांग हलली. वंदनाताईंनी ती दुसऱ्या काट्याची पर्ची माझ्यापुढे धरली. खाली रेघ वाकडी होती.

"हा प्रोग्राम बी माझाच हाय," त्या म्हणाल्या आणि खिडकीची काच थरथरेल अशा हसल्या.

त्या हमरस्त्यावर अविश्वासाने एका काट्यावरून दुसऱ्या काट्यावर जाणारा माणूससुद्धा टिटवीकडून टिटवीकडेच जात होता. आणि तिच्यावर त्याचा विश्वास होता तो तिला कुणी मोजू शकत नाही म्हणून. मी ती पर्ची मागून घेतली.

पुणे

अहवाल लिहायला बसले तेव्हा नरेशच्या दुकानातला फोटो समोर होता. मामा त्यात फारच उमदे दिसत होते. पण ती पर्ची पाहिल्यानंतर खोटं वजन लिहायला हात धजेना. यात काही थोरपणा नाही; पकडले जाऊ ही धास्तीही होतीच. मी खरं ते लिहिलं, की लाल ठिपका म्हणजे नेट चेक. खरे वापरणारे आहेत, पण ते मोजता येणार नाहीत, आणि का येणार नाहीत.

अभयने अहवाल वाचला. "काट्यावरचे फोटो?"

"फोन बाहेर ठेवला होता."

मी त्याला पर्ची दिली. आपली भाषा वापरणारं अनोळखी माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं, तेही कागदावर. त्याने ती उलटसुलट पाहिली. "ही रेघ माझ्या चुकीमुळे वाकडी येते," तो म्हणाला. मग त्याने पर्ची पाकिटात ठेवली.

कंपनीने आमची हकीकत 'प्रेरणादायी' असल्याचं कळवलं. प्रेरणादायी हा शब्द आला की समजावं, पैसे येत नाहीत. टिटवी बंद झाली. साइट उतरवली त्या दिवशी जगात कुणाला पत्ता लागला नाही, फक्त नरेशचा फोन आला. "मॅडम, सकाळपासून पूरे चॉइस सेंटर ठप! सगळे म्हनून राहिले नेट गेलं, लाइनमनले शिव्या देऊन राहिले!" मी खरं कारण सांगितल्यावर तो हळहळला. चार दिवसांनी त्याचा मेसेज आला, की कुणी विचारत नाही अशी दुसरी एक भाषा सापडली आहे, मस्त उतरते. तिची माणसं लवकरच भिलाईला येतील. मामींना फरा जास्त करायला सांगून ठेवलं आहे.

वंदनाताईंना कळवायला मात्र जीव होत नव्हता. कुणाच्या घरी वाईट बातमी सांगायची असावी तसा मी फोन लावला.

"ताई, टिटवी बंद झाली."

"म्हंजे?"

"म्हणजे आता नवीन काही निघणार नाही. बिघडलं तर कुणी दुरुस्त करणार नाही."

"पहिले कोन करत होतं?"

मी आमच्या साइटवरच्या त्या 'नियम वाचा'बद्दल त्यांची माफी मागितली.

"अन् तुमची नोकरी?" त्यांनी विचारलं.

"गेली."

मागे ट्रकचा हॉर्न वाजत होता. "सिमग्याच्या काट्यावर पर्ची अटकून राहिली," त्या मग म्हणाल्या. "धानाचा सीझन हाय, मले हा काटा सोडून जाता नाही येत. तिकडं कोनी जानारं पाहिजे. तुमाले येते न टिटवी?"

टिटवी किती सोपी आहे हे मी इतकी वर्षं पगार घेऊन जगाला सांगत आले होते.

"वाचता येते," मी म्हणाले. "लिहिली कधी नाही."

"या मंग," वंदनाताई म्हणाल्या. "मी शिकवतो."